दर सोमवारी घड्याळ पुढे पळतं: ३६ मिलिमीटरच्या एक्सप्लोररचं दुखणं शेवटी कुठे सापडलं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्यांचं दुखणं वेगळं आहे त्यांचा वेळ जाणार नाही. ऑटोमॅटिक घड्याळ, म्हणजे हात हलला की आपोआप चावी भरणारं. एरवी दिवसाला तीन-चार सेकंद पुढे जाणारं. एका रात्रीत ते दिवसाला सव्वा मिनिट पुढे पळायला लागतं. पडलेलं नाही, आपटलेलं नाही, आत पाणी गेलेलं नाही. दुरुस्तीला दिलं की ठणठणीत होऊन येतं आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. माझ्याकडे हे जवळजवळ वर्षभर चाललं. त्यात दोन दुकानांचे पैसे भरले, घरातल्या निम्म्या वस्तूंवर आळ घेतला आणि बायकोची एक चांगली पर्स विनाकारण माळ्यावर टाकली.

घड्याळ आहे रोलेक्स एक्सप्लोरर, मॉडेल क्रमांक ११४२७०, २००३ सालचं. मेहुणा तेव्हा दुबईत होता, त्याने स्वतःसाठी घेतलेलं. पुढे चव्वेचाळीस मिलिमीटरच्या थाळ्या मनगटावर बांधायची टूम निघाली, त्याला हे बारीक वाटायला लागलं आणि मी ते त्याच्याकडून हप्त्यांनी घेतलं. मेहुण्याचं सोडा, खुद्द कंपनीनेही २०१० मध्ये एक्सप्लोरर ३९ मिलिमीटरचं केलं आणि २०२१ मध्ये पुन्हा ३६वर आली. मी इंदूरच्या सियागंज बाजारात व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. पहिल्याच दिवशी एका किराणा ठोकवाल्याने विचारलं, "भिया, भाभी की घड़ी पहन आए क्या?" त्याच्या मनगटावरचं घड्याळ वाटीएवढं होतं आणि दोन तास मागे होतं. माझ्या वडिलांचं एचएमटी जनता अजून कपाटात आहे, ते साधारण ३५ मिलिमीटरचं. त्या पिढीच्या हिशेबात ३६ म्हणजे चांगलं भरल्या अंगाचं घड्याळ.

एक्सप्लोरर मी कपाटात ठेवायला घेतलेलं नाही. रोज सकाळी हातात चढतं, रात्री उतरतं. स्कूटर, भाजी, बँक, लग्नकार्य, सगळीकडे. तारीख दाखवत नाही, त्यामुळे महिनाअखेरीची खुटखुट नाही. शर्टाच्या बाहीत अडकत नाही. म्हणूनच ते बिघडलं की हात रिकामा वाटतो आणि चिडचिड होते.

आधी मोजा, मग बोला

माझी पहिली चूक म्हणजे मी मोजतच नव्हतो. "फार पुढे जातंय" एवढंच दुकानात जाऊन सांगत होतो. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखंच ते.

मोजायची रीत सोपी आहे. कडेची चावी फिरवून सैल केली आणि बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो. तो बारावर आणून थांबवायचा, मोबाइलच्या वेळेशी जुळवून चावी आत ढकलायची आणि विसरू नका, परत फिरवून घट्ट बसवायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं की किती सेकंदांचा फरक पडला. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार दिवस बघा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक घड्याळाचं, प्रमाणपत्र मिळवायला स्विस चाचणीत दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसावं लागतं. म्हणजे ८६,४०० सेकंद मोजताना यंत्र फार तर पाच-सहा सेकंद चुकतं. वीस वर्षांच्या घड्याळाने आठ-दहा सेकंद इकडे-तिकडे केले तर मी त्याला काही म्हणणार नाही.

मग प्रश्न दोन. पुढे जातंय की मागे पडतंय? आणि हे हळूहळू झालं की एकदम?

हळूहळू, महिन्यांमागून महिने मागे पडत असेल तर आतलं तेल सुकतंय. त्याला सर्व्हिस हाच इलाज. कंपनी साधारण दहा वर्षांनी करा म्हणते. एकदम पुढे पळायला लागलं असेल तर दोनच संशय धरायचे. एक तर धक्का बसून हेअरस्प्रिंगचे, म्हणजे चाल ठरवणाऱ्या बारीक कमानीचे, वेढे एकमेकांत अडकलेत, नाहीतर घड्याळात चुंबकत्व शिरलंय. धक्का बसला असेल तर तुम्हाला बहुधा आठवत असतं. चुंबक लागलेलं मात्र कोणालाच कळत नाही. ना आवाज होतो, ना ओरखडा पडतो.

हेअरस्प्रिंगला इथले जुने कारागीर बालकमानी म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे, केसाएवढीच ती असते. चपट्या गुंडाळीसारखी, श्वास घेतल्यासारखी उघडते-मिटते. माझ्या घड्याळात सेकंदाला आठ ठोके, तासाला २८,८००. ती लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची असली आणि तिला चुंबकत्व लागलं, की शेजारचे वेढे एकमेकांना चिकटू बघतात. चिकटलेला भाग कामातून गेला, म्हणजे स्प्रिंग तेवढी आखूड झाली. आणि आखूड स्प्रिंग जलद हलते. झोक्याची दोरी आखूड केली की झोका भराभर जातो, तसंच काहीसं. म्हणून चुंबक लागलेलं घड्याळ बहुतेक वेळा पुढेच पळतं.

नव्या घड्याळांत हा त्रास कमी आहे. रोलेक्सने २०००पासून एकेका मॉडेलात नायोबियम-झिर्कोनियमची स्प्रिंग आणली (माझ्यात ती नाही), दुसऱ्या काही कंपन्या सिलिकॉनची वापरतात, त्यांना चुंबकाचं सोयरसुतक नाही. पण माझ्यासारखं जुनं मॉडेल रोज वापरणाऱ्यांना जपावं लागतं. आणि "अँटिमॅग्नेटिक" या शब्दावर विसंबू नका. त्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात घड्याळाने ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण ६० गॉस सहन करायचे असतात. आणि सहन करणं म्हणजे काय, तर त्यानंतरही दिवसाला ३० सेकंदांपेक्षा जास्त न चुकणं. फ्रिजवर चिकटवायच्या बारक्या चुंबकाला हात लावला तरी त्याहून जास्त चुंबकत्व तिथे असतं. अंतर वाढलं की ते झपाट्याने कमी होतं, हीच आपली सुटका.

दोन दुकानं आणि एक काका

पहिल्या दुकानात सांगितलं, सर्व्हिस लागेल. नऊ हजार, तीन आठवडे. घड्याळ बुधवारी परत आलं, गुरुवार, शुक्रवार, शनिवार एकदम शहाण्यासारखं चाललं. सोमवारी सकाळी ऑफिसात बसलो तोवर जवळपास पाऊण मिनिट पुढे! दुकानदार म्हणाला, स्कूटरचे धक्के. आता इंदुरात स्कूटर चालवायची नाही तर काय पालखीत बसायचं?

दुसऱ्या दुकानात हुशारी झाली. त्यांनी विचारलं, किती पुढे जातं? मी म्हटलं, ऐंशी सेकंद. त्यांनी मागचं झाकण उघडून वेग कमी करून दिला. त्या दिवशी घड्याळ छान जुळलं. दोनच दिवस. मग ते कधी वीस सेकंद पुढे, कधी चाळीस सेकंद मागे. हा प्रकार नीट समजून घ्या, कारण यात बरेच लोक फसतात. चुंबक लागलेल्या घड्याळाचा वेग कमी करणं म्हणजे ताप असताना थर्मामीटरवरचे आकडे खोडून नवे लिहिणं. चुंबकत्व कमी-जास्त झालं की सगळं गणित कोलमडतं. आणि पुढे कोणी चुंबकत्व काढलं की घड्याळ तितकंच मागे पडायला लागतं.

तिसरे कारागीर, एक काका, राजवाड्याजवळच्या एका गल्लीत बसतात. दुकान कसलं, एक काचेचं कपाट आणि त्यामागे ते. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, मग गल्ल्यातून एक होकायंत्र काढलं, मुलांच्या कंपासपेटीत मिळतं तसलं प्लॅस्टिकचं, आणि घड्याळाच्या काचेवर ठेवलं. सुई उत्तर सोडून वळली आणि वळलेल्या जागी बारीक थरथरत राहिली. आतलं चाक जसं हलत होतं तशी ती हलत होती. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घड़ी में कुछ नहीं है भिया. घर में ढूंढो."

त्यांच्याकडे एक जुनी काळी पेटी होती. वायर लावून बटण दाबलं की गुरगुरायची. घड्याळ त्यावरून दोनदा फिरवलं, होकायंत्र परत ठेवलं, सुई गप्प. दुसऱ्या दुकानाने हलवलेला वेगही त्यांनी जागेवर आणून दिला. या घड्याळात वेग बदलायला नेहमीची दांडी नसते, चाकाच्या कडेला बारीक सोन्याच्या नट असतात आणि त्यांना वेगळी, पान्यासारखी चावी लागते. ती त्या कपाटात असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पैसे घेतले तीनशे.

एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली. मागचं झाकण आता तीनदा उघडलंय, रबराची वॉशर नवी टाकली तरी पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय पोहायला जाऊ नका. कागदावर १०० मीटर असलं तरी.

घरातले संशयित

आता शोध घरात. डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व काढायचं यंत्र, मी ऑनलाइन मागवला, तो निळा प्लॅस्टिकचा, हजाराच्या आतबाहेरचा. म्हणजे दर वेळी राजवाड्याला जायला नको. पण रोज औषध घेत बसण्यापेक्षा रोग कुठून येतो ते बघायला हवं होतं.

मोबाइलमध्ये चुंबकत्व मोजणारी ॲप असतात, फुकट. होकायंत्रासाठी फोनमध्ये जो सेन्सर असतो त्याचाच आकडा ती दाखवतात, मायक्रोटेस्लात. मोकळ्या जागेत आपल्याकडे चाळीस-पन्नासच्या आसपास आकडा येतो, ते पृथ्वीचं. घड्याळाला त्रास व्हायला त्याच्या शंभरपट तरी लागतं, कारण ६० गॉस म्हणजे ६,००० मायक्रोटेस्ला. फोनचं कव्हर आधी काढा, त्याच्या झाकणात चुंबक असलं तर सगळे आकडे खोटे येतात. मी पहिला अर्धा तास स्वतःच्या कव्हरलाच मोजत होतो. जोरदार चुंबकापाशी फोन नेला की त्याचं होकायंत्र थोडा वेळ भरकटतं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हवेत फिरवला की ताळ्यावर येतं.

मग मी घरभर फोन घेऊन हिंडलो. बायको म्हणाली, भूत शोधताय का? तिचं चुकलं नव्हतं. टॅब्लेटचं कव्हर: भयंकर. तिची पर्स, बटणाच्या जागी: भयंकर. गाडीच्या डॅशबोर्डवरचं मोबाइल चिकटवायचं गोल: त्याहून भयंकर. ब्लूटूथ स्पीकर, ज्यावर सकाळी अभंग लागतात आणि ज्यावर मी अंघोळीला जाताना बऱ्याचदा घड्याळ काढून ठेवायचो: भरपूर. मोबाइलचं बिनवायरचं चार्जर, उशाशी, घड्याळाच्या शेजारी: तेही. फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी मात्र फुसकी निघाली, अगदी चिकटवून धरलं तरच आकडा हलत होता. लॅपटॉपमध्ये झाकण बंद होण्याच्या जागी कोपऱ्यात एक चुंबक सापडलं, नेमकं तिथेच डावं मनगट टेकतं. त्याची जागा मी पेन्सिलने खूण करून ठेवली.

एवढे गुन्हेगार एका घरात म्हटल्यावर मी सगळ्यांनाच हद्दपार केलं. चार्जर दुसऱ्या खोलीत, पर्स माळ्यावर, स्पीकरवर घड्याळ ठेवणं बंद. घड्याळ डीमॅग्नेटाइझ केलं. दोन आठवडे गेले. अधिक ३, अधिक ४, अधिक ३. मी मेहुण्याला फोन करून विजयाची बातमी दिली.

पंधराव्या दिवशी, सोमवारी, अधिक ५५.

खरं सांगतो, त्या दिवशी ते विकून टाकायचं ठरवलं होतं. शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे सोनारांच्या बाजारात रात्री लागणाऱ्या खाण्याच्या गाड्यांवर, गेलो होतो, सोन्याच्या दुकानांत किसातलं लोखंड काढायला चुंबक वापरतात असं कुठेतरी ऐकलेलं, तर आता सराफ्यावरही संशय! भुट्ट्याचा कीस खायला गेलेल्या माणसाला सोन्याच्या किसातलं चुंबक कसं लागेल? रात्री ती दुकानं बंद असतात. पण डोकं ठिकाणावर नसलं की माणूस कुठल्याही दोऱ्याला ओढून बघतो.

मग एक केलं, ते मात्र कामाचं निघालं. हिशेबाच्या वहीला आपण दोन बाजू ठेवतोच ना, जमा आणि नावे. घड्याळाच्या नोंदीची मी एकच बाजू लिहीत होतो, किती सेकंद. तिथे दुसरा रकाना आखला: काल कुठे गेलो, कोणाला भेटलो, घड्याळ कुठे काढलं. आणि रोज संध्याकाळी होकायंत्राची सुई थरथरते का ते बघून एक टिंब. चुंबकत्व आपोआप जात नाही, एकदा लागलं की काढेपर्यंत राहतं, त्यामुळे घड्याळ खराब झालं की त्याच रात्री ते काढून पाटी कोरी करायची, नाहीतर पुढची लागण कळणार नाही. ही पायरी मी आधी कधीच नीट केली नव्हती.

सहा आठवडे लिहिलं. सहापैकी चार सोमवारी बिघाड. आकडे वेगवेगळे, कधी अधिक ३०, कधी अधिक ८०, एकदा चक्क अधिक १४०. दोन सोमवारी काहीच नाही. त्या दोन रविवारांच्या पुढे दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: "आई देवासला ताईकडे." आणि त्याआधीचे ते विजयाचे दोन आठवडे? तेव्हाही आई देवासलाच होती.

पट्टा

आई दादाकडे राहते, रामबागेत. वय ८१, गुडघे गेलेले. रविवारी संध्याकाळी मी जातो, तिच्या पायाला तेल लावतो, मग तिचा पट्टा बांधून देतो. पट्टा म्हणजे कोणीतरी घरी येऊन विकलेला गुडघ्याचा चुंबकीय पट्टा. निळं जाड कापड, आत शिवलेल्या वाटाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गोल टिकल्या, बारा. तेल लावताना मी घड्याळ काढतो, म्हणून कधी तिकडे लक्षच गेलं नाही. पण तेल लावून हात धुतला की घड्याळ परत चढायचं, कारण लगेच निघायचं असतं. आणि पट्टा बांधायचा तो त्यानंतर. डाव्या हाताने गुडघ्यामागून पट्टा धरायचा, उजव्या हाताने वेल्क्रो ओढून चिकटवायचं. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांत घड्याळ पट्ट्याच्या टिकल्यांवर दाबलेलं असतं. मध्ये हवाही नाही, नुसतं कापड.

मी फोन पट्ट्याजवळ नेला. आकडा हजारांत गेला आणि ॲप थिजलं.

"काय करतोस रे?" आईने विचारलं. मी सगळं सांगितलं. घड्याळ, वही, नऊ हजार, काका, पर्स. म्हटलं, तुझ्या पट्ट्याने माझ्या घड्याळाची वाट लावली. ती दोन क्षण गप्प बसली आणि मग दादाकडे वळून म्हणाली, "बघ! त्यात काही नाही म्हणत होतास ना? परदेशातलं घड्याळ हलवलं माझ्या पट्ट्याने."

दादाने कपाळाला हात लावला. तिच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं की असल्या चुंबकांनी गुडघ्याची झीज थांबल्याचं काही सिद्ध झालेलं नाही. ऊब आणि आधार मिळतो तो कापडाचा. आता तो पट्टा आणखी पाच वर्षं निघत नाही.

चुंबकत्व काढायची रीत

यंत्राबरोबर येणाऱ्या कागदावर चार ओळी असतात, त्यांतली महत्त्वाचीच धड छापलेली नसते. म्हणून सविस्तर.

यंत्र लाकडी टेबलावर ठेवा, आजूबाजूला फोन, बँकेची कार्डं, हार्डडिस्क नको. घड्याळाच्या चेनचा हूक उघडा, बंद कड्यासारखी ठेवू नका. घड्याळ यंत्राच्या वर टेकवल्यासारखं धरा. बटण दाबा. आणि बटण दाबून ठेवलेलं असतानाच घड्याळ हळूहळू, सावकाश वर उचलत हात पूर्ण लांब होईपर्यंत दूर न्या. तिथे पोहोचल्यावर मग बटण सोडा. सगळं इंगित या शेवटच्या वाक्यात आहे. यंत्रातलं चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलत असतं. घड्याळ दूर जाईल तसतसे हे हेलकावे लहान लहान होत शून्यावर येतात आणि धातूतलं चुंबकत्व त्यांच्याबरोबर विरतं. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडलंत तर शेवटचा हेलकावा जिथे थांबला ते चुंबकत्व आत तसंच राहतं. मी पहिल्यांदा हेच केलं आणि अधिक ८० चं अधिक २०० करून ठेवलं.

एकदा आडवं, एकदा उभं धरून करा. प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद पुरे, जास्त दाबून ठेवलं तर यंत्र तापतं. मग होकायंत्राने बघा आणि चोवीस तासांनी सेकंद मोजा. सेलच्या घड्याळांवर हे करू नका. त्यांच्या मोटरीत स्वतःचं बारीक चुंबक असतं, ते बिघडलं तर काटेच थांबतील.

तीनदा करूनही घड्याळ मिनिटाने पुढेच पळत असेल तर मग तो चुंबकाचा विषय नाही. स्प्रिंग अडकली असेल किंवा तिच्यावर तेल उडालं असेल. तेव्हा ते उघडणाऱ्या माणसाकडेच जावं लागतं.

सोमवारचं दुसरं दुखणं

याच वर्षात मला एक भलताच घोळही झाला, म्हणून सांगून ठेवतो. काही सोमवारी घड्याळ पुढे असायचं आणि काही सोमवारी बंदच. मी दोन्ही एकाच रोगाची लक्षणं समजत होतो. बंद पडायचं कारण साधं होतं. पूर्ण चावी असली तर हे घड्याळ साधारण ४८ तास चालतं. शनिवार-रविवार लग्नाला वडिलांचं एचएमटी घालून गेलो, एक्सप्लोरर शुक्रवारपासून टेबलावर, तर सोमवारी ते थांबणारच. त्यातून माझं काम बैठं. रिटर्न भरायच्या दिवसांत मी दहा-दहा तास खुर्चीतून हलत नाही आणि आतलं वजन फिरलं नाही तर चावी भरत नाही. आता आठवड्यातून दोनदा, सकाळी चहा होईपर्यंत, तीस-पस्तीस फेरे हाताने देतो. चावी भरलेली राहिली की चालही सारखी राहते. रात्री टेबलावर कसं ठेवता यानेही दोन-तीन सेकंद इकडेतिकडे होतात: काच वर, चावी वर, चावी खाली, सगळं मांडून बघा आणि जे जुळतं ते धरा. माझं चावी वर करून ठेवलं की थोडं मागे येतं, म्हणून आठवडाअखेरी तसं ठेवतो.

बाकीच्या किरकोळ तक्रारी. मे महिन्यात दुपारी मनगट सुजतं आणि चेन रुतते. या जुन्या चेनच्या हुकाला कडेला बारीक भोकं आहेत, दात कोरायच्या काडीने पिन दाबून एक भोक सरकवायचं, पावसाळा लागला की परत. महिन्यातून एकदा चावी घट्ट असल्याची खात्री करून, जुन्या टूथब्रशने आणि साध्या साबणाने चेन धुवायची. काळं पाणी निघतं, घाबरू नका, ते तुमचंच आहे. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, घालून जाऊ नका. मी एकदा गेलो. राजवाड्यासमोर टँकरचं पाणी आणि गुलाल, आणि पुढे जूनपर्यंत काचेभोवतीच्या कड्याच्या, म्हणजे बेझेलच्या, खाचेतून गुलाबी रंग निघत होता.

आईकडची व्यवस्था आता अशी आहे. दाराशी चप्पल काढली की घड्याळही निघतं आणि देवघराच्या कोनाड्यात जातं, पट्ट्यापासून चांगलं दहा-बारा फुटांवर. वहिनीने त्यासाठी एक वाटी ठेवलीय. स्टीलची नको म्हटलं तर तिने विचारलं, स्टीललापण चुंबक असतं का? नसतं, पण आता मी कोणाचाच भरवसा धरत नाही. काचेची ठेवलीय.

बायकोची पर्स माळ्यावरून उतरवली आहे, तिची माफी अजून मिळालेली नाही. वही चालू आहे. आज सोमवार, सकाळची नोंद: अधिक ३. काल रामबाग, घड्याळ वाटीत, पट्टा गुडघ्यावर.